वास आपल्याला, दुखणं त्याला

साशंक : कुत्र्याच्या तोंडाला वास येतो, यात नवीन काय आहे? आमच्या पैठणच्या वाड्यात कुत्री पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अंगणात असायची, रात्री दाराशी भुंकायची, सकाळी शिळी भाकर आणि ताक खायची. त्यांचं तोंड हुंगायला कुणी जात नव्हतं. आता तेच कुत्रं छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या नाहीतर बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसतं, पोरांच्या उशाशी झोपतं. वास होता तेवढाच आहे, अंतर तेवढं कमी झालं. मग आपण त्याच्यासाठी ब्रश आणतो, पेस्ट आणतो, पाण्यात टाकायची औषधं आणतो आणि त्याला प्राणिप्रेम म्हणतो. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ही काळजी कुत्र्याची आहे की आपल्या नाकाची? कुत्र्याला स्वतःच्या तोंडाचा वास खटकत नाही. खटकतो आपल्याला. आपली अडचण दूर करायला आपण त्याच्या तोंडात बोटं घालतो आणि उपकार मात्र त्याच्यावर केल्याचं सांगतो.

आग्रही : अंतर कमी झालं हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, काका. पण अंतर कमी झालं म्हणूनच आपल्याला कळायला लागलं, असंही म्हणता येईल. अंगणातल्या कुत्र्याला काय होत होतं ते कुणी पाहिलं नाही, म्हणून काही होत नव्हतं असा अर्थ निघत नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला थोडा वास असतोच. खाल्लेल्या अन्नाचा, लाळेचा. तो मी नाकारत नाही. पण सडल्यासारखा, नाक फिरवायला लावणारा वास हा कुत्रेपणाचा भाग नाही. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. खाल्ल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो पुसला गेला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं पिवळं-तपकिरी किटण होतं. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण किटण मात्र भराभर धरतात. हा थर हिरडीखाली उतरला की तिथे हवा पोचत नाही. अशा जागी वाढणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन. आपल्याला येतो तो वास या वायूंचा. म्हणजे आपल्या नाकाला जे खटकतं ते त्याच्या हिरडीखाली चाललेल्या कुजण्याचं लक्षण आहे. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांत हिरड्यांचा हा आजार कमी-अधिक प्रमाणात सापडतो.

साशंक : बहुतेकांना होतो म्हणतेस, तर मग तो आजार कसला? ते वय झालं. आणि निसर्गात कोण ब्रश करतं? लांडग्याला, कोल्ह्याला कुणी पेस्ट लावत नाही. ती जनावरं हाडं फोडतात, कातडं ओढतात, दात आपोआप साफ होतात. आपण कुत्र्याला दुधात कुस्करलेली पोळी घातली, ग्लुकोजची बिस्किटं घातली आणि त्याच्या दातांचं काम काढून घेतलं. शिवाय या शहराचं पाणी बघ. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मधले दिवस बोअरचं क्षाराचं पाणी वापरावं लागतं. बादलीला पांढरा थर धरतो तसा दातांना धरत असेल. म्हणजे उपाय साधा आहे. पाणी बदला, हाड द्या, बाकीचं त्याचं तो बघून घेईल. मटणाच्या दुकानातून चार हाडं आणायला कितीसा खर्च येतो?

आग्रही : आधी पाण्याचं सांगते, कारण हे या शहरात मी अनेकांकडून ऐकलं आहे. दातांवरच्या किटणातला चुना मुख्यतः लाळेतून येतो. म्हणून ते सगळ्यात जास्त कुठे साठतं, तर वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला, जिथे लाळेची नळी उघडते. बोअरचं पाणी बंद केलं तरी किटण थांबणार नाही. भांड्यात पाणी असणं मात्र महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, कुत्रं दिवसभर तोंड उघडं टाकून धापा टाकतं, तोंड कोरडं पडतं आणि वास वाढतो. नळ येवो न येवो, त्याचं भांडं रोज धुऊन भरलं पाहिजे.

आता हाडाचं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कवट्या अभ्यासकांनी तपासल्या आहेत. त्यांच्या दातांवर किटण फारसं नव्हतं, पण दाताभोवतीचं हाड झिजल्याच्या खुणा होत्या आणि तुटलेले, झिजलेले दातही होते. दात वरून स्वच्छ दिसणं आणि मुळाशी निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय रानातलं जनावर थोडीच वर्षं जगतं. आपलं कुत्रं लस घेतं, पोटभर खातं आणि बारा-पंधरा वर्षं जगतं, म्हणून हा आजार पुढे सरकायला सवड मिळते. आणि आपण देतो ते हाड कुठलं? बहुतेक वेळा शिजलेलं. नानकलियाची मेजवानी झाली की ताटातली हाडं अंगणात जातात. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात, ते घशात नाहीतर आतड्यात रुततात. फार कडक हाड, शिंग किंवा खूर चावताना वरच्या मोठ्या दाढेचा पापुद्रा निघतो आणि आतली नस उघडी पडते. एक सोपी कसोटी आहे. ज्या वस्तूत आपलं नख थोडंही रुतत नाही, ती कुत्र्याला चघळायला देऊ नये.

साशंक : नस उघडी पडली तर जनावर ओरडेल, खाणं सोडेल. आमच्याकडचं कुत्रं दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून खातं, गेट वाजलं की धावत येतं, शेपटी हलवतं. त्याचे पुढचे दात पिवळे आहेत, तोंडाला वास आहे, पण त्याला त्रास आहे असं त्याच्या वागण्यात कुठे दिसत नाही. तुम्ही लोक माणसाचं दुखणं त्याच्यावर लादता. आपली दाढ दुखली की आपण रात्रभर जागतो, म्हणून त्यालाही तसंच होत असेल असं धरून चालता. जनावराच्या मनात शिरायचा हा हक्क आपल्याला कुणी दिला? मला दिसतं ते मी मानतो, आणि मला सुखी कुत्रं दिसतं.

आग्रही : जे दिसतं त्यावर विश्वास ठेवा, पण मग बघाही नीट. खाणं सुरू आहे यावरून दुखत नाही असं ठरवता येत नाही. भूक ही त्याची फार जबर ओढ आहे. हिरड्यांचा आजार बळावलेलं कुत्रंही खात राहतं, फक्त खाण्याची रीत बदलतं. एकाच बाजूने चावतं. न चावता गिळतं. घास तोंडातून पाडतं आणि पुन्हा उचलतं. आवडतं खेळणं चघळायचं सोडतं. तोंड पायाने किंवा जमिनीवर घासतं. चघळलेल्या दोरीवर रक्ताचा डाग दिसतो. घरातले म्हणतात, म्हातारं झालं, शांत झालं. मग दुखरे दात काढल्यावर तेच कुत्रं पुन्हा खेळायला लागतं, तेव्हा कळतं की तो शांतपणा वयाचा नव्हता.

आणि दुखणं हिरडीपाशी थांबत नाही. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली गाल सुजतो. पुष्कळदा लोकांना वाटतं किडा चावला. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हाड झिजून गेलं तर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडतं, कुत्रं सारखं शिंकतं. पामेरियन, पग, शिह त्झू, डॅशहाउंड यांच्या लहान जबड्यात दात दाटीवाटीने बसतात, आणि छोट्या कुत्र्यांत खालचा जबडा इतका पोखरला जाऊ शकतो की साध्या धक्क्याने मोडतो. एका काळी आपल्या मराठी घरांत कुत्रं म्हणजे पामेरियनच असायचं. त्यांतल्या कितींचे दात म्हातारपणी एकेक करून गळाले आणि आपण ते वयाच्या खात्यावर टाकलं, याचा विचार केला पाहिजे.

साशंक : पण तू सगळा वास दातांवर ढकलतेस. वास म्हणजे दात, दात म्हणजे ब्रश, असं एकदा डोक्यात बसलं की माणूस दुसरं काही बघत नाही. आमच्या ओळखीत एका कुत्र्याचं तोंड घाण मारत होतं. घरच्यांनी पेस्ट बदलून बघितल्या. शेवटी किडनी गेल्याचं निघालं. मग सांग, तुमच्या दात घासण्याच्या आग्रहाने त्याचे दिवस वाया घालवले की नाही?

आग्रही : हा आक्षेप फार मोलाचा आहे आणि तो मी पूर्ण स्वीकारते. बहुतेक वेळा वास दात-हिरड्यांचा असतो, पण नेहमी नाही. मूत्रपिंडं निकामी होत असतील तर तोंडाला अमोनियासारखा, लघवीसारखा वास येतो, तोंडात फोड येतात, कुत्रं खूप पाणी पितं आणि बारीक होत जातं. मधुमेह हाताबाहेर गेला तर गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास येतो. तो तातडीचा इशारा असतो. टाळूत आडवी अडकलेली काडी असेल, हिरडीवर वाढलेली गाठ असेल, विष्ठा खाण्याची सवय असेल, तरी वास येतो. म्हणून पहिलं पाऊल ब्रश नाही. पहिलं पाऊल म्हणजे पशुवैद्याकडून तोंड तपासणं आणि वयस्क कुत्र्याची रक्ततपासणी करून घेणं. अचानक आलेला वास आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेला वास यांत फरक करायला शिकलं पाहिजे.

आणि आपल्याकडे एक गोष्ट बजावून सांगितलीच पाहिजे. लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असं कुत्रं दिसलं की लोक म्हणतात, घशात हाड अडकलं. आणि हात घालतात. तो रेबीज असू शकतो. घरचं असो की गल्लीतलं, अशा तोंडात हात घालायचा नाही. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर ती जागा पंधरा मिनिटं भरपूर वाहत्या पाण्याने धुवायची, जखम असेल तर साबणही लावायचा, आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी सरकारी दवाखाना गाठायचा. तोंडाची काळजी घ्या असं सांगणाऱ्याने हेही सांगितलं नाही, तर त्याचा सल्ला धोक्याचा ठरतो.

साशंक : आता तू मला पटेल असं बोललीस. पण बाजार हे सांगत नाही ना. बाजार सांगतो, वास येतो? हा फवारा मारा. ही हिरवी कांडी चघळायला द्या. हा थेंब पाण्यात टाका. जिथे लोकांना स्वतःचे दात दाखवायला सवड नाही, तिथे कुत्र्याच्या श्वासाला पुदिन्याचा सुगंध देणारा माल खपतो. एखाद्याने प्रेमापोटी हे सगळं घेतलं आणि वास गेला, तर त्याला वाटणार काम झालं. आत मात्र तुझ्या त्या हिरडीखाली सगळं तसंच. याला मी काळजी कशी म्हणू?

आग्रही : म्हणू नकाच. वास झाकणं हे वास येण्यापेक्षा वाईट आहे, कारण कुत्र्याकडून आपल्यापर्यंत पोचणारा तो एकच निरोप होता आणि तोही आपण बंद केला. काही घरगुती उपाय तर थेट घातक आहेत. माणसांची पेस्ट कुत्र्याला लावायची नाही. त्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. फ्लोराइड पोटात जातं, आणि पेस्टमध्ये किंवा च्युइंगगममध्ये झायलिटॉल असेल तर त्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सुटतं, साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं.

पण बाजारातलं सगळंच निरुपयोगी आहे असंही नाही. अमेरिकेत 1997 पासून व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था आहे. ती कंपन्यांनी केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष तपासते आणि ज्या मालाने थर किंवा किटण खरोखर कमी होतं त्याला आपलं चिन्ह देते. वास गेला एवढ्यावर ते मिळत नाही. साधं कोरडं खाणं दाताच्या टोकाशीच फुटतं, हिरडीपर्यंत पोचत नाही. काही खास खाण्यांत लाळेतला चुना बांधून ठेवणारं द्रव्य असतं, त्याचा थोडा उपयोग होतो. पशुवैद्य क्लोरहेक्सिडीनचं कुत्र्यांसाठीचं द्रावण देतात, तेही जंतू कमी करतं. पण या सगळ्यांच्या वर आहे तो रोज फिरवलेला मऊ ब्रश. आठवड्यातून एकदा नाही, रोज. कारण किटण व्हायला दोन-तीन दिवस पुरतात.

साशंक : रोज! हा शब्द किती सहज निघाला तुझ्या तोंडून. घरात रोजचं काम वाढलं की ते कुणाच्या वाट्याला येतं, हे तुला सांगायला हवं का? कुत्रं आणायचा हट्ट पोरं करतात, त्याच्यासोबत फोटो बाप काढतो, आणि त्याचं खाणं, त्याचं भांडं, त्याचे केस हे घरातल्या बाईच्या अंगावर येतं. आता त्याचे दातही. नाही जमलं तर तिच्या मनात अपराधीपणा. दुसरं, त्या जनावराच्या मनाचं काय? त्याला तोंडात काही घातलेलं आवडत नाही. तो मान फिरवतो, गुरगुरतो. तुम्ही दोघं मिळून त्याला धरता. त्याच्या भल्यासाठी रोज त्याच्यावर जबरदस्ती करायची, हे प्रेमाचं कुठलं रूप?

आग्रही : पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे सफाईचं उत्तर नाही. एवढंच म्हणते की ज्याने हट्ट केला त्याच्याच हातात ब्रश दिला पाहिजे. दहा-बारा वर्षांचं पोर, वर मोठ्यांचं लक्ष आणि सवय असलेलं शांत कुत्रं असेल, तर हे मिनिटाभराचं काम आहे. जबरदस्तीबद्दल मात्र उत्तर आहे. तोंड उघडायची गरजच नसते. ओठ थोडा वर उचलायचा आणि गालाकडच्या बाजूने ब्रश फिरवायचा, बस. आतल्या बाजूला जीभ पुष्कळ काम करते. सुरुवात बोटाने करायची. पहिले काही दिवस फक्त ओठाला हात लावायचा आणि आवडीचा घास द्यायचा. मग बोटाला ओलं फडकं गुंडाळून एक-दोन दात. मग मांसाच्या चवीची कुत्र्यांची पेस्ट चाटू द्यायची. मग ब्रश. यात आठवडे गेले तरी चालतील. पिल्लू असताना, 28 दुधाचे दात पडून नवे येतात त्या सुमारास, ही सवय लावली तर सगळं सोपं जातं.

आणि जे कुत्रं आधी ओठाला हात लावू देत होतं ते आता गुरगुरत असेल, तर तो हट्ट समजायचा नाही. तिथे दुखत असावं. दुखऱ्या हिरडीवर ब्रश घासणं ही खरी जबरदस्ती आहे. तिथे थांबायचं आणि आधी उपचार करायचे. मानगूट धरून दात घासून घ्या असं सांगणाऱ्यांत मला मोजू नका.

साशंक : उपचार म्हणजे भूल. खरी भीती इथे आहे. आमचा कुत्रा 13 वर्षांचा. दात साफ करायला त्याला बेशुद्ध करायचं? तो उठलाच नाही तर मी स्वतःला काय सांगू, की तोंडाचा वास घालवायला गेलो होतो? त्यापेक्षा केस कापणारे आता शुद्धीवर असतानाच दात खरवडून देतात. भूल नाही, धोका नाही, दात पांढरे. माझ्यासारख्याने तो मार्ग घेतला तर काय बिघडलं?

आग्रही : दात पांढरे होतात, हेच बिघडतं. दिसणारं किटण निघतं आणि आजार जिथे आहे त्या हिरडीखालच्या खाचेला हात लागत नाही. जागं कुत्रं तिथे अवजार घालू देणार नाही. हललं तर हिरडी फाटते, आणि धरून ठेवलं तर ते पुढे कुणालाही तोंडाला हात लावू देत नाही. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेने दातांबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत भुलेशिवायच्या या सफाईला स्पष्ट विरोध केला आहे. भूल दिली की प्रत्येक दाताभोवतीची खाच मोजता येते, एक्स-रे काढता येतो, घशात नळी असल्यामुळे घाण पाणी फुप्फुसात जात नाही.

धोक्याचं लपवत नाही. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात सुमारे 98 हजार कुत्र्यांची नोंद ठेवली गेली. भूल किंवा गुंगी दिल्यानंतर 48 तासांत त्या कारणाने दगावण्याचं प्रमाण एकूण 0.17 टक्के निघालं. निरोगी कुत्र्यांत ते 0.05 टक्के होतं, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. आधीच आजारी असलेल्यांत मात्र 1.33 टक्के, म्हणजे पंचाहत्तरात एक. या आकड्यांतून मी एवढंच शिकते की आजारपणाने धोका खूप वाढतो, आणि वाट बघण्यालाही किंमत आहे. आठव्या वर्षी निरोगी असताना जे साधं होतं, ते तेराव्या वर्षी मूत्रपिंडं थकल्यावर अवघड झालेलं असतं.

साशंक : आकडे ब्रिटनचे. आपण बोलतोय छत्रपती संभाजीनगरबद्दल. इथे भूल देताना हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू, रक्तदाब बघणारं यंत्र आणि ते बघत बसणारा वेगळा माणूस किती ठिकाणी असेल? दातांचा एक्स-रे किती ठिकाणी? आपलं सरकारी पशुवैद्यक उभं राहिलं ते गाई-म्हशी-बैलांसाठी, शेळ्यांसाठी, आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याकडे बघता ते योग्यच आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, पण इथल्या माणसाने दातासाठी कुत्रं घेऊन परभणी गाठायची का? आणि न्यायाचंही बोल. माणसांसाठी या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तरी वाळूजच्या कारखान्यात दोन पाळ्या करणारा कामगार दाढ असह्य झाल्याशिवाय तिकडे फिरकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याच्या शेजारच्या वसाहतीत कुत्र्याच्या दातांचे एक्स-रे निघतात. मला हे बोचतं.

आग्रही : मलाही बोचतं. पण कुत्र्याचे दात तसेच ठेवल्याने त्या कामगाराची दाढ बरी होणार नाही. दोन दुर्लक्षांची बेरीज न्याय होत नाही. सोयींबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणून माझा सल्ला असा की भूल द्यायच्या आधी मालकाने न संकोचता विचारावं. आधी रक्ततपासणी होणार का? सलाइन आणि घशात नळी असणार का? भूल दिल्यापासून शुद्धीवर येईपर्यंत ठोके आणि प्राणवायू कोण बघणार? पग असेल तर त्याच्या आखूड नाकाची वेगळी काळजी काय घेणार? समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर थांबावं, दुसरीकडे जावं. आणि जितक्या सोयी कमी, तितकी रोजच्या ब्रशची किंमत जास्त, हे तुमच्याच म्हणण्यातून निघतं. हिरड्या नुसत्या लाल झाल्या आहेत तोवर आजार पूर्ण परतवता येतो. एकदा दाताभोवतीचं हाड गेलं की ते परत आणता येत नाही, फक्त पुढची झीज रोखता येते. ज्याच्याकडे मोठ्या उपचाराचा पैसा नाही त्याला तर ब्रश हाच परवडणारा मार्ग आहे.

साशंक : हे घरच्या कुत्र्याचं झालं. पण तू तर गल्लीतल्या कुत्र्यांनाही खायला घालतेस. त्यांच्या तोंडाचं काय? ज्यांना ब्रश लावता येत नाही, भूल परवडत नाही, त्यांचं दुखणं दुखणं नाही का? तुझा युक्तिवाद खरा असेल तर तो गेटपाशी थांबता कामा नये. आणि थांबत नसेल तर त्याला अंत नाही.

आग्रही : थांबत नाही. एक जागा मला दिसते. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे गल्लीतली कुत्री पकडून त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचं आणि पुन्हा त्याच जागी सोडायचं, ही महापालिकांची जबाबदारी आहे. त्या शस्त्रक्रियेसाठी कुत्र्याला भूल दिलेलीच असते. तेव्हाच ओठ उचलून मिनिटभर तोंड बघितलं, हलणारा दात काढला, रुतलेलं हाड काढलं, तर नव्याने पकडण्याचा आणि नव्या भुलेचा त्रास वाचेल.

साशंक : कागदावर छान आहे. पण निर्बीजीकरणाला येणारी कुत्री बहुतेक तरुण असावीत, म्हणजे दात सडायच्या आधीच्या वयातली. ज्या म्हाताऱ्या कुत्र्याला गरज आहे त्याची नसबंदी केव्हाच झालेली असते, त्याला पुन्हा कोण पकडणार? आणि त्या टेबलावर प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. दातांमागे लागून दिवसाची दोन कुत्री कमी झाली तर पुढच्या हंगामात पिल्लं वाढणार, रेबीजची लस कमी जणांना मिळणार. एका कुत्र्याची दाढ की दहा जणांची लस, हा हिशेब तुला करावा लागेल.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मला त्यातून हे उमगतं की समोर आलेल्या जिवाचं आपण करावं, जगातल्या सगळ्या कुत्र्यांचा ताळेबंद मांडू नये. तू मात्र आधी माहिती वाढवतेस आणि मग त्या माहितीतून कर्तव्य काढतेस. माहितीला सीमा नाही. कर्तव्याला ती असावी लागते, नाहीतर माणूस थकतो आणि समोरच्याचंही करत नाही.

आग्रही : लसीच्या हिशेबात तुम्ही जिंकलात. दात आणि लस यांत निवड करायची वेळ आली तर मी लस निवडेन. पण मग ती निवड आहे हे उघड म्हणावं लागेल. त्या कुत्र्याला दुखत नाही म्हणून आपण थांबलो असं म्हणता येणार नाही. दुखतं आहे, आणि आपल्याला पुरं पडत नाही म्हणून थांबलो. या दोन वाक्यांत मला फार मोठं अंतर वाटतं. पहिल्या वाक्याने प्रश्नच मिटतो. दुसऱ्याने तो शिल्लक राहतो, आणि शिल्लक राहिलेल्या प्रश्नासाठी कुणीतरी कधीतरी मनुष्यबळ मागतं, यंत्र मागतं, परभणी-उदगीरहून शिकून येणाऱ्या तरुण पशुवैद्यांनी दातांच्या कामात हात बसवावा असा आग्रह धरतं. नामदेवांनाही आधी दिसावं लागलं की भाकरी कोरडी आहे.

साशंक : एवढं मी घेतो. वास ही माझी तक्रार नव्हे, त्याची तक्रार आहे, आणि ती झाकायची नाही. उद्या माझ्या कुत्र्याचा ओठ उचलून बघेन, रक्ततपासणीही करून घेईन. पण समज, मूत्रपिंडं थकलेली निघाली आणि दाढेच्या मुळाशी पूही निघाला. तुझे आकडे सांगतात, पंचाहत्तरात एक. दुखणं तसंच ठेवून त्याला उरलेले दिवस जगू द्यायचं, की त्या दिवसांतलं दुखणं कमी करण्यासाठी ते दिवसच पणाला लावायचे? त्याला विचारता येत नाही.

आग्रही : तिथे माझं शास्त्र अर्ध्या वाटेपर्यंतच येतं. दुखणं कमी करणारं, मूत्रपिंडांना झेपेल असं औषध, जंतूंसाठी औषध, मऊ खाणं, हे आधी करून बघता येईल. पशुवैद्य धोका किती ते सांगेल. पण किती दुखणं सहन करण्याजोगं आणि किती धोका पत्करण्याजोगा, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. ते त्याच्यासोबत 13 वर्षं राहिलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. माझं मागणं इतकंच की ते ठरवताना तुमच्या मनात त्याचं तोंड असावं, तुमची भीती नसावी.

साशंक : आणि माझं तुला मागणं असं की त्याचं दुखणं आणि माझी भीती इतक्या सहज वेगळ्या काढता येतात असं धरून चालू नकोस. त्याच्या वतीने मी जे काही ठरवेन, त्यात दोन्ही मिसळलेली असतील. तू माझ्या जागी असतीस तरी असतीच.